कर्नल वोल्फर्डचा जातमुचलका

लेक्झिंग्टन, केंटकी. १० मार्च १८६४. मेलोडिअन हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम आहे. गव्हर्नर थॉमस ब्रॅम्लेट जातीने हजर आहेत. सत्कारमूर्ती आहे फर्स्ट केंटकी कॅव्हलरीचा कर्नल फ्रँक वोल्फर्ड, वय ४६. त्याला तलवार, कमरेला बांधायचा शेला, पिस्तुलं आणि टाचेला लावायचे काटे भेट मिळतात. अशा वेळी माणूस दोन शब्द आभाराचे बोलतो, शहीद सोबत्यांची आठवण काढतो आणि खाली बसतो. वोल्फर्ड बसला नाही. अंगावर संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याची वर्दी असताना त्याने संघराज्याच्या अध्यक्षाला, म्हणजे अब्राहम लिंकनला, जुलमी आणि सत्ता बळकावणारा म्हटलं. काळ्या माणसांची सैन्यासाठी नोंदणी चालली आहे, तिला विरोध करणं हे केंटकीच्या जनतेचं कर्तव्य आहे, असंही भर सभेत सांगून टाकलं.

पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली. चार महिन्यांत तो अध्यक्षाच्या समोर उभा होता, हातात आपल्याच सुटकेचा कागद. हे प्रकरण मला बघायचंय ते त्या कागदासाठी.

माणूस कोण होता

आपल्याकडे अमेरिकन यादवी युद्धाचं चित्र बहुतेकांच्या मनात सरळ असतं. उत्तरेचं सैन्य गुलामगिरी मोडायला निघालं, दक्षिणेचं ती टिकवायला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, तेव्हापासून ते चित्र मराठीत ठसलं आहे, आणि ते खोटंही नाही. पण त्या चित्रात वोल्फर्ड कुठेच बसत नाही. तो उत्तरेकडून लढला, गोळ्या खाल्ल्या, आणि गुलामांच्या हाती बंदूक देण्याच्या विरोधात जीव तोडून बोलला. असे लोक केंटकीत ढिगाने होते.

त्याचा जन्म २ सप्टेंबर १८१७चा, अडेअर परगण्यातल्या कोलंबियाजवळचा. शाळा साधी गावातली. मग कायदा शिकला आणि शेजारच्या केसी परगण्यात लिबर्टी नावाच्या गावात वकिली थाटली. होय, गावाचं नाव लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्य. हे मी रचलेलं नाही. मेक्सिकोच्या युद्धात साधा शिपाई म्हणून जाऊन आला आणि राज्याच्या विधानसभेतही बसला. म्हणजे १८६१ साली युद्ध पेटलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, कोर्टात जम बसलेला, मतदारांना नावानिशी ओळखणारा गडी होता.

केंटकीने आधी 'आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही' असं जाहीर करून बघितलं. ते काही महिनेच टिकलं. कॅम्प डिक रॉबिन्सन इथे संघराज्याच्या बाजूने पलटणी उभ्या राहू लागल्या, आणि वोल्फर्डने तिथे आपल्या डोंगराळ मुलखातली पोरं जमवून घोडदळाची पलटण उभी केली. कवायतीचं पुस्तक त्याला मानवलं नाही. पलटणीतल्या लोकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत त्याचे हुकूम मोठे मजेशीर आहेत. लष्करी परिभाषा सोडून तो घरगुती बोलीत ओरडायचा, 'गोळा व्हा रे', 'पांगा रे' या थाटात. पोरांना ते चटकन कळायचं. पलटणीला 'वाइल्ड रायडर्स' म्हणत, आणि ते नाव तिला शोभत होतं.

लढाया सगळ्या मोजत बसत नाही. वाइल्डकॅट, मिल स्प्रिंग्ज, मे १८६२मध्ये टेनेसीतलं लेबनन. तिथे तो जखमी झाला. सगळ्यात गाजली ती जुलै १८६३ची दौड. दक्षिणेचा घोडेस्वार सेनानी जॉन हंट मॉर्गन ओहायो नदी ओलांडून इंडियाना आणि ओहायोत घुसला, आणि त्याच्या मागावर सुटलेल्या घोडदळात वोल्फर्ड होता. २६ जुलैला ओहायोच्या पूर्व टोकाला मॉर्गन हाती लागला. तिथे एक गंमत घडली. मॉर्गनने एका स्थानिक मिलिशिया कॅप्टनला गाठून, शरण येतो पण 'पॅरोल' द्या, म्हणजे शब्दावर सोडा, असं आधीच ठरवून घेतलं होतं. मागून आलेल्या जनरल शॅकलफर्डने तो करार साफ उडवला आणि मॉर्गनची रवानगी ओहायोतल्याच कोलंबसच्या तुरुंगात झाली. शब्द देऊन सुटायचं की नाही हा प्रश्न वर्षभरात वोल्फर्डच्याच दारात येणार होता, तो असा आधी शत्रूच्या तोंडून त्याच्या कानावर पडला.

कायदा काय म्हणत होता

भाषणाची ठिणगी समजायची तर २४ फेब्रुवारी १८६४चा कायदा बघायला हवा. वर्षापूर्वीच्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात त्या दिवशी दुरुस्ती झाली. २० ते ४५ वयाच्या सगळ्या धडधाकट काळ्या पुरुषांची नोंद सैन्यासाठी करायची, गुलाम असले तरी. गुलाम भरती झाला की तो मुक्त. मालक संघराज्याशी एकनिष्ठ असेल तर त्याला भरपाई. सक्तीने घेतलेल्या गुलामामागे १०० डॉलर, आपणहून आलेल्यामागे ३०० डॉलरपर्यंत.

केंटकीच्या मालकांना हे इतकं का झोंबलं? कारण १ जानेवारी १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा त्यांना लागू नव्हता. तो फक्त बंडखोर मुलखापुरता होता. केंटकी संघराज्यात राहिलं होतं, त्यामुळे तिथली गुलामगिरी कायद्याने शाबूत होती. १८६०च्या खानेसुमारीत राज्यात २,२५,४८३ गुलाम होते. 'आम्ही तुमच्या बाजूने लढलो, म्हणून आमची मालमत्ता सुरक्षित' हा केंटकीच्या निष्ठावंतांचा न लिहिलेला सौदा होता. भरतीचा कायदा तो सौदा मागच्या दाराने मोडत होता. जाहीरनामा न लावताही गुलाम वर्दी चढवून मोकळा होणार, आणि तोही हातात बंदूक घेऊन.

वोल्फर्ड एकटा नव्हता. गव्हर्नर ब्रॅम्लेटने स्वतः एका अधिकाऱ्याला कळवलं होतं की, माझ्या मागणीवरून अध्यक्षांनी नोंदणी थांबवली नाही तर मी थांबवीन. राज्याचा गव्हर्नर असं लिहितो म्हणजे फाटाफूट दाराशी आली होती. पण मार्चच्या मध्यावर केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्टला, रात्रभर खल झाला. केंटकीतल्या संघराज्याच्या फौजेचा जनरल बरब्रिज आणि संघराज्यवादी धर्मोपदेशक रॉबर्ट ब्रेकिनरिज यांनी गव्हर्नरला समजावलं. सकाळी जो जाहीरनामा निघाला त्यात सूर निराळा होता: कायदा पाळा, तक्रार असेल ती मतपेटीतून आणि कोर्टातून करा. ब्रॅम्लेट वाकला. वोल्फर्ड वाकला नाही. मला विचाराल तर दोघांचं मत त्या क्षणी एकच होतं, फरक स्वभावाचा होता.

मग ब्रॅम्लेट, माजी सिनेटर आर्चिबाल्ड डिक्सन आणि फ्रँकफर्टचे संपादक अल्बर्ट हॉजेस वॉशिंग्टनला गेले. २६ मार्चला लिंकनने त्यांना आपली बाजू तोंडी सांगितली. ती लिहून द्या अशी हॉजेसची विनंती आली, आणि ४ एप्रिलचं ते प्रसिद्ध पत्र तयार झालं. गुलामगिरी चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असं लिंकन त्यात म्हणतो. घटनांना मी वळवलं नाही, घटनांनीच मला वळवलं, हे वाक्यही त्याच पत्रातलं. हे पत्र पुढे पुन्हा येणार आहे.

बडतर्फी

भाषणानंतर वोल्फर्डला अटक झाली, आणि २४ मार्चला तो सैन्यातून अपमानास्पदरीत्या बडतर्फ झाला. लष्करी न्यायालय बसलं नाही.

इथे वकिलाच्या नजरेने जरा थांबू. सैन्याच्या नियमावलीतलं पाचवं कलम स्पष्ट होतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) किंवा ज्या राज्यात तळ आहे तिथला गव्हर्नर, यांच्याबद्दल कुणी अधिकारी अवमानकारक बोलला तर त्याला काढून टाकावं किंवा शिक्षा करावी. पण ती शिक्षा 'लष्करी न्यायालय ठरवील त्याप्रमाणे' व्हायची. वोल्फर्ड जे बोलला ते या कलमात अलगद बसतं, शंकेला जागाच नाही. न्यायालय बसवलं असतं तरी निकाल तोच लागला असता. सरकारने मात्र सोपी वाट धरली. १७ जुलै १८६२च्या कायद्याने अध्यक्षाला कुठल्याही अधिकाऱ्याला, तो सैन्याला अयोग्य वाटला तर, थेट काढण्याचा अधिकार मिळाला होता. कायदेशीर होतं ते. पण पहिल्याच पायरीला सुनावणी टाळल्यामुळे वोल्फर्डच्या हाती आयतं कोलीत मिळालं. यापुढे तो गावोगाव 'मला न ऐकता काढलं' एवढंच सांगत फिरू शकत होता, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

तो फिरलाही. निवडणुकीचं वर्ष होतं. वर्दी उतरली होती, म्हणजे पाचवं कलम आता त्याला लागू नव्हतं. भाषणं चालूच राहिली. जूनअखेरीस त्याला पुन्हा धरलं आणि वॉशिंग्टनला नेलं.

ही दुसरी अटक या प्रकरणाचा कणा आहे, कारण पहिल्या वेळी तो अधिकारी होता, आता साधा नागरिक. केंटकीत लष्करी कायदा लागू करणारी आणि हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क, स्थगित करणारी खास घोषणा लिंकनने ५ जुलैला काढली, म्हणजे वोल्फर्ड कोठडीत पडल्यावर. काँग्रेसने मार्च १८६३मध्ये अध्यक्षाला हेबियस कॉर्पस स्थगित करण्याचा अधिकार दिला होता हे खरं. पण नुसत्या भाषणासाठी नागरिकाला लष्कराने उचलणं याचं समर्थन करताना लिंकनच्या बाजूच्या वकिलालाही घाम फुटला असता.

कागद

७ जुलैला वोल्फर्डने लिंकनपुढे पहिला कागद लिहून दिला. मी केंटकीतल्या लुईव्हिलला जाईन, खटल्यासाठी न्यायालय येईपर्यंत तिथेच थांबेन, आणि तोवर जाहीर भाषण करणार नाही, खळबळ माजेल असं काही करणार नाही. आपल्याकडे जातमुचलका म्हणतात तसला हा कागद. त्याने सही केली आणि लिंकनने त्याच अटीवर त्याला जाऊ दिलं.

दहा दिवसांनी, १७ जुलैला, लिंकनने आणखी एक कागद धाडला. पत्र अगदी छोटं आहे. मजकूर असा: टपालाने जेम्स स्पीड यांच्याकडे एका हमीपत्राच्या दोन कोऱ्या प्रती पाठवतो आहे, तुमची इच्छा असेल तर सही करा आणि मोकळे व्हा, स्पीड तुमच्याकडे येतील. आपण भेटलो त्या शेवटच्या दिवशी मी तुम्हाला जे पत्र वाचून दाखवलं त्याची छापील प्रत सोबत जोडली आहे, ती चाळलीत तर आनंद वाटेल.

ते वाचून दाखवलेलं पत्र म्हणजे हॉजेसला लिहिलेलंच असणार, असं दिसतं. मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका क्षण हाच वाटतो. यादवी युद्ध अंगावर घेतलेला अध्यक्ष, आपल्याला जुलमी म्हणणाऱ्या एका परगण्याच्या वकिलाला समोर बसवून स्वतःचं पत्र वाचून दाखवतो. दोघेही केंटकीचेच, लिंकनचा जन्म हॉजेनव्हिलजवळचा, तिथून वोल्फर्डचं गाव फार लांब नाही. दोघेही छोट्या कोर्टांतून घडलेले वकील. लिंकनला बहुधा वाटत होतं, हा माणूस युक्तिवादाने वळेल.

आता हमीपत्राचा मजकूर नीट बघा. संघराज्य सरकारला जोवर काळ्या लोकांना सैनिक, खलाशी किंवा अन्य कामाला लावायचं आहे तोवर, त्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष अडथळा, विलंब किंवा अडचण येईल असं मी काही करणार नाही आणि बोलणार नाही, असं मी माझ्या इभ्रतीची शपथ घेऊन सांगतो. बस, एवढंच. लिंकनला शिव्या देऊ नकोस असं त्यात कुठेही नाही. विरोधी पक्षाचा प्रचार करू नकोस असंही नाही. ७ जुलैच्या कागदात भाषणावर सरसकट बंदी होती, या कागदात ती उठली. म्हणजे लिंकनने स्वतःवरच्या टीकेचा सगळा मुलूख सोडून दिला आणि एकच कोपरा राखून ठेवला: काळ्या सैनिकांची भरती.

जेम्स स्पीड म्हणजे लिंकनचा जुना मित्र जोशुआ स्पीडचा भाऊ, लुईव्हिलचा वकील, वर्षअखेरीला देशाचा अ‍ॅटर्नी जनरल होणारा. निरोप्या तोलामोलाचा होता.

३० जुलैला वोल्फर्डचं उत्तर गेलं. सही केली नाही. मी गुन्हा केला नाही, देशाचा वा राज्याचा कायदा मोडला नाही, तेव्हा माझ्या मोकळेपणाचा आणि स्वतंत्र माणूस म्हणून असलेल्या हक्कांचा असला सौदा मी करणार नाही, असं त्याने लिहिलं. पुढे शिपाईगड्याच्या रोखठोकपणाबद्दल माफी मागून त्याने अध्यक्षाला सुनावलं की, मला पकडलं ते देशाच्या भल्यासाठी नाही, तुमची फेरनिवड सोपी व्हावी म्हणून.

हे उत्तर वाचताना माझी तरी ओढाताण होते. आरोपपत्र नसलेल्या माणसाकडून 'अमुक विषयावर गप्प राहीन' असं लिहून घेणं, हा कागद कुणी आजही पुढे केला तर मी सही करू नकोस असाच सल्ला देईन. त्या अंगाने वोल्फर्डचं चुकलं नाही. पण त्याचा निवडणुकीचा आरोप कागदाशी जुळत नाही. निवडणूकच साधायची असती तर लिंकनने प्रचारावर बंदी मागितली असती. त्याने मागितली ती नेमकी दुसरीच गोष्ट. वोल्फर्ड वकील होता, त्याला मजकुरातला हा फरक दिसला नसेल हे पटत नाही. दिसला आणि त्याने तो बाजूला सारला, असं मला वाटतं, कारण तो मान्य केला असता तर वाद 'माझं स्वातंत्र्य' यावरून 'त्यांचं स्वातंत्र्य' यावर गेला असता. आणि 'स्वतंत्र माणसाचे हक्क' हे शब्द वापरताना केंटकीतल्या त्या सव्वादोन लाख गुलामांचा त्याच्या मनात हिशेबच नव्हता.

पुढचं झटपट सांगतो. नोव्हेंबरमध्ये केंटकीने लिंकनविरुद्ध जनरल मॅक्लेलनला भरघोस मतं दिली. मॅक्लेलनला मिळालेल्या तीनच राज्यांपैकी ते एक, आणि त्याच्या निर्वाचकांत, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षाला मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या यादीत, वोल्फर्ड होता. त्याच महिन्यात राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर रिचर्ड जेकब, हाही घोडदळाचा माजी कर्नल, याला बरब्रिजने पकडून शत्रूच्या मुलखात हाकललं. जानेवारीत लिंकनने त्याला परत येऊ दिलं. वोल्फर्ड १८६५मध्ये पुन्हा विधानसभेत गेला, १८६७-६८मध्ये राज्याचा अ‍ॅड्जुटंट जनरल, म्हणजे राज्याच्या लष्करी कारभाराचा प्रमुख, झाला, आणि १८८३ ते १८८७ डेमोक्रॅट म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये बसला. २ ऑगस्ट १८९५ला कोलंबियातच वारला. जिथे त्याला कैदी म्हणून नेलं होतं त्याच शहरात तो वीस वर्षांनी खासदार म्हणून राहिला, यात त्याच्या मतदारांना काही विशेष वाटलं नसावं.

दुसरं घोडदळ

कॅम्प डिक रॉबिन्सन जिथे होतं तिथून केंटकी नदी ओलांडली की कॅम्प नेल्सन. वोल्फर्डच्या पलटणीने घोड्यांना खरारा केला तो नदीच्या या काठाला, आणि १८६४च्या उन्हाळ्यात त्या काठाला गुलाम पळून येऊ लागले, नाव नोंदवायला. आधी मालकाची संमती लागायची, मग तीही अट गेली. एकट्या कॅम्प नेल्सनवर १०,०००हून जास्त काळे सैनिक दाखल झाले. सबंध केंटकीतून २३,७०३. लुइझियाना सोडलं तर एवढे कुठल्याच राज्याने दिले नाहीत. त्यांच्या बायकामुलांचे हाल हे वेगळंच प्रकरण आहे. नोव्हेंबरच्या कडाक्यात लष्कराने सुमारे ४०० बायकापोरांना छावणीतून हुसकून झोपड्या पाडल्या, आणि त्यातले १०२ जीव दगावले.

तिथेच काळ्यांचं घोडदळ उभं राहिलं, फिफ्थ युनायटेड स्टेट्स कलर्ड कॅव्हलरी. पुरतं उभं राहण्याआधीच त्यांना बरब्रिजच्या फौजेबरोबर नैऋत्य व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिलवर नेलं. तिथे दक्षिणेचे मिठाचे कारखाने होते. घोडे न शिकवलेले, आणि हातात पायदळाच्या लांब एनफील्ड बंदुका, ज्या घोड्यावर बसून भरताच येत नाहीत. वाटेत गोऱ्या स्वारांनी त्यांची टर उडवली, डोक्यावरच्या टोप्या ओढल्या, काहींचे घोडे चोरले. या पलटणीचा कर्नल जेम्स ब्रिस्बिन याने आपल्या अहवालात हे सगळं लिहून ठेवलं आहे.

२ ऑक्टोबर १८६४ला ते पायउतार होऊन चढावर चालून गेले. सुमारे ४०० जण लढाईत उतरले, त्यातले ११४ सैनिक आणि ४ अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. रात्री फौज मागे फिरली, जखमी मागे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी शत्रूने त्यातल्या कित्येकांना जागच्या जागी गोळ्या घातल्या. तिथल्या खुनांबद्दलही ज्याच्यावर खटला चालला तो दक्षिणेच्या बाजूचा छापामार चॅम्प फर्ग्युसन ऑक्टोबर १८६५मध्ये नॅशव्हिलला फासावर गेला.

परतीच्या वाटेवर रांग तीच होती, गोरे स्वार आणि काळे स्वार. ब्रिस्बिन लिहितो, जाताना जे टिंगल करत होते ते येताना गप्प होते.